नाशिकला जाऊन येतो

महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या यादीत नाशिक हे एकच शहर म्हणून नोंदलेले असले, तरी ही नोंद कितपत खरी मानावी याविषयी त्या शहरात राहणाऱ्यांचेच एकमत नाही. कागदोपत्री पाहता नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका व भोवतालची वीसहून अधिक गावे एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली, सुमारे २५९ चौरस किलोमीटरचा प्रदेश तिच्या हद्दीत आला आणि २०११ च्या जनगणनेत या हद्दीत १४,८६,०५३ माणसे मोजली गेली. परंतु या लाखोंपैकी नाशिकरोडला राहणारा कोणीही सद्गृहस्थ हातात पिशवी घेऊन शालिमारकडे, म्हणजे जिथे बागेचा मागमूस नाही अशा शहराच्या मधल्या चौकाकडे निघाला आणि शेजाऱ्याने त्याला हटकले, की तो जराही न अडखळता सांगतो, "जरा नाशिकला जाऊन येतो." त्याच शालिमारला जाताना पंचवटीतला माणूस 'गावात' जातो, सिडकोतला 'मेनरोडला' जातो आणि देवळाली कॅम्पातला 'सिटीत' जातो. खुद्द जुन्या नाशकात राहणारा मात्र कुठेच जात नाही, कारण आपल्या गल्लीच्या तोंडाशी नाशिक संपते, पुढे आहे तो नुसता विस्तार, अशी त्याची पिढीजात समजूत असते. महापालिकेनेही कारभाराच्या सोयीसाठी पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड असे सहा विभाग पाडून या समजुतीला अप्रत्यक्ष मान्यता दिलेली दिसते.

एरवी हा भेद लक्षात येत नाही, याचे कारण दुचाकी होय. प्रौढ नाशिककर घराच्या फाटकापासून दुकानाच्या पायरीपर्यंत गाडीवर जातो, आणि पायरी थोडी सखल असती तर तो आतही गेला असता; त्यामुळे त्याच्या लेखी दोन ठिकाणांमधला प्रदेश म्हणजे काही सिग्नल आणि काही खड्डे, यापलीकडे काही नसतो. शहर पायी पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला येथे सर्वांत मोठा अडथळा होतो तो वाहनांचा नव्हे, नाशिककरांच्या सौजन्याचा. ओळखीचा माणूस रस्त्याने चालताना दिसला, की गाडी त्याच्या अंगाशी आणून "काय हो, गाडी बिघडली का? बसा मागे, सोडतो" असे म्हणणे हा येथील सभ्यतेचा भाग आहे आणि "नाही, सहज चालतोय" या उत्तराने समोरच्याच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते, ती पाहता बहुतेक अभ्यासक नाइलाजाने मागे बसतात. म्हणून पादचाऱ्याने ओळखीचे विभाग टाळावेत आणि जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा विभागांपासून आरंभ करावा. नाशिककरासाठी असे विभाग पाच आहेत.

या फाटाफुटीचे एक मूळ लोहमार्गात आहे. मुंबईहून इगतपुरीमार्गे भुसावळकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग एकोणिसाव्या शतकात आखला गेला, तेव्हा तो गावाला न शिवता आठ-नऊ किलोमीटर दुरून निघून गेला आणि तेथील स्थानकाला नाशिकरोड हे नाव पडले. रेल्वेच्या परिभाषेत गावाच्या नावापुढे 'रोड' लागले, की हे ते गाव नव्हे, येथून त्या गावाला रस्ता जातो, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा असतो. थोडक्यात, आगगाडीने नाशिकला येणाऱ्या प्रवाशाला रेल्वेने पहिल्या दिवसापासून नाशिकच्या दिशेने बोट दाखवून सोडून दिलेले आहे. मधले अंतर तुडवण्यासाठी त्या शतकाच्या अखेरीस स्थानकापासून मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपर्यंत घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू झाली आणि १९३० नंतर ती फार काळ टिकली नाही. ट्रामचे रूळ गेले, घोडे गेले, मधले रानही गेले आणि त्या रस्त्याच्या कडेने गांधीनगर, उपनगर, दत्तमंदिर, बिटको अशा वस्त्या दाटीने उभ्या राहिल्या, तरी नाशिकरोडकरांच्या बोलण्यातले अंतर तसूभरही कमी झाले नाही. यांपैकी एका वस्तीने तर सरळ 'उपनगर' हेच विशेषनाम धारण केले आहे. आपण नाशिकचे उपनगर की नाशिकरोडचे, या वादात न पडण्याचा याहून मुत्सद्दी मार्ग दुसऱ्या कोणत्याही वस्तीला सुचलेला नाही.

ट्रामची जागा आज ज्या वाहनाने घेतली आहे त्याला शेअर रिक्षा म्हणतात. शेअर रिक्षा म्हणजे ठरावीक मार्गावर माणशी भाडे घेऊन चालणारी तीनचाकी. तिच्यात प्रवाशाला नाव, वय, लिंग, जात यांपैकी काहीही नसते. तो फक्त 'सीट' असतो. "दोन सीट आहेत का?" या प्रश्नाचा अर्थ दोन बैठका रिकाम्या आहेत का असा नसून दोन माणसे आहेत का असा असतो, आणि "एकच सीट पाहिजे, लगेच निघू" या वाक्याचा अर्थ निदान तीन सीट मिळेपर्यंत रिक्षा हलणार नाही, असा घ्यावा लागतो. चालकाच्या शेजारी अर्धा पार्श्वभाग टेकवून एका हाताने वरचा दांडा धरून बसायची जी जागा, तिला 'फ्रंट' म्हणतात आणि ती बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे जाते, कारण तिथे बसायला तारुण्य व श्रद्धा या दोन्ही गोष्टी लागतात. रिक्षांना मीटर असते. परंतु शेअर रिक्षातील मीटरचे स्थान देव्हाऱ्यातील शाळिग्रामासारखे आहे, असले पाहिजे एवढेच, त्याने काही बोलावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. मागच्या बाकावर तिघे चौघे झाले, की "जरा पुढे-मागे बसा" असे सांगण्यात येते आणि मग एक सीट पुढे सरकून, एक मागे रेलून, अशा रीतीने शहरातील भिन्न विभागांचे नागरिक गुडघ्यांच्या पातळीवर एकत्र येतात. महानगरपालिकेच्या स्थापनेने जे एकीकरण साधले नाही ते द्वारका ते नाशिकरोड या टप्प्यात रोज साधले जाते, मात्र ते उतरेपर्यंतच टिकते.

शहरातील बस ही त्या मानाने गंभीर संस्था आहे. पूर्वी राज्य परिवहन महामंडळाची, म्हणजे एसटीची, शहर बस नाशकात धावत असे. ८ जुलै २०२१ पासून हे काम महापालिकेच्या सिटीलिंक या सेवेकडे आले. निमाणी हे पंचवटीतले स्थानक या सेवेचे एक मर्मस्थान आहे आणि तेथे तासभर उभे राहिले, तर नाशिक किती गावांचे बनले आहे याची उजळणी आपोआप होते, कारण बसच्या कपाळावर सातपूर, अंबड, पाथर्डी, म्हसरूळ, मखमलाबाद अशी जी नावे लागतात, ती सगळी एकेकाळच्या स्वतंत्र खेड्यांची आहेत. शहराबाहेर जाणाऱ्या एसटीचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. सीबीएस म्हणजे सेंट्रल बस स्टँड, अर्थात मध्यवर्ती बसस्थानक. पण नाशकात जुने सीबीएस आहे, ठक्कर बाजारचे नवे सीबीएस आहे, त्यांच्या शेजारी मेळा स्थानक आहे आणि मुंबई नाक्याला महामार्ग स्थानक आहे. ज्या शहराला दोन केंद्रबिंदू असतात त्याची आकृती भूमितीच्या नियमाने वर्तुळ न होता लंबवर्तुळ होते, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला न्यायला निघालेला नाशिककर तो लंबवर्तुळाकार मार्ग एकदा तरी पूर्ण करतो.

बसमधील सर्वांत जुना प्रश्न सुट्ट्या पैशांचा आहे आणि नाशकात त्याला एक तात्त्विक खोली लाभली आहे. नाशिकरोडला १९२५ पासून भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ पासून चलनी नोटांचे मुद्रणालय आहे. देशाच्या नोटा छापणारा हा पहिला देशी छापखाना. याच छापखान्याच्या दारावरून जाणाऱ्या बसमध्ये कंडक्टर हातातली नोट उलटीसुलटी पाहून "सुट्टे द्या ना, एवढी मोठी नोट घेऊन कुठं निघालात" असे म्हणतो, तेव्हा परगावच्या प्रवाशाला हा विरोधाभास वाटतो. वस्तुतः त्यात विरोधाभास नाही. नोटा नाशकात छापल्या जातात, नाणी मुंबईच्या टांकसाळीत पडतात. तेव्हा नाशिककरांजवळ सुट्टे नसणे हा कामाच्या विभागणीचा स्वाभाविक परिणाम आहे. अलीकडे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाल्याने हा संवाद ओसरू लागला आहे आणि त्याची जागा "रेंज नाही" या संवादाने घेतली आहे.

सार्वजनिक वाहतुकीची आश्वासने या भूमीला नवी नाहीत, हे मात्र इतिहासाशी प्रामाणिक राहून सांगितले पाहिजे. पाथर्डी फाट्याजवळच्या डोंगरातील त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक लांबलचक शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या या लेखात उषवदाताने केलेल्या दानधर्माची यादी दिली असून, त्यात लोकांना नद्या फुकट ओलांडता याव्यात म्हणून त्याने नावांची सोय केल्याचे म्हटले आहे. मोफत सार्वजनिक प्रवासाची इतकी जुनी घोषणा, तीही दगडात कोरलेली, ज्या शहराला लाभली त्याने अभिमान बाळगावा हे योग्यच. अडचण एवढीच, की त्या नद्यांच्या यादीत तापी आहे, पार आहे, दमण आहे, डहाणूची नदीही आहे, पण गोदावरी नाही. नाशिकजवळच्या गोवर्धन या गावाच्या वाट्याला नाव न येता चौकोनी विश्रामगृह, म्हणजे थांबण्याची जागा, तेवढी आली. पुढे फेब्रुवारी २०२१ मधील केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. रबरी चाकांवर, वरच्या तारांतून वीज घेत चालणाऱ्या या वाहनाला 'मेट्रो निओ' असे नाव होते, आणि घोषणेला काही वर्षे उलटून गेल्यावरही नाशिककर थांब्यावर शांतपणे उभे आहेत. त्यांच्या या संयमाकडे पाहता उषवदाताने नाव न देता थांबा दिला, त्यात दूरदृष्टी होती असेच म्हणावे लागते.

पायी हिंडणाऱ्याने पत्ता विचारण्याची परिभाषा आधी शिकून घ्यावी. नाका म्हणजे गावाच्या वेशीवरची जकातीची किंवा तपासणीची चौकी. नाशकात मुंबई नाका, त्र्यंबक नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका असे अनेक नाके आहेत, त्यांतला एकही आज वेशीवर नाही, आणि नकाशावर त्यांना जोडणारी रेघ ओढली तर गाव पूर्वी कुठे संपत होते ते आयतेच कळते. फाटा म्हणजे मोठ्या रस्त्यापासून जिथे एखाद्या गावाचा रस्ता फुटतो ती जागा. तिथे गावाचे नाव असते, गाव आणखी आत असते. सर्कल आणि पॉइंट या नव्या जातींचे नामकरण मात्र कारखानदारीने केले. सातपूरच्या वाटेवर एबीबी सर्कल आहे. मायको सर्कल ज्या कंपनीमुळे ओळखला जातो तिचे नाव बदलून बॉश झाले तरी सर्कलने नाव बदलले नाही. आणि नाशिकरोडच्या बिटको पॉइंटला एका दंतमंजनाच्या कारखान्याचे नाव आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान कुठे आहे असे विचारले, तर निम्मे नाशिककर विचारात पडतात, आणि गोल्फ क्लब कुठे आहे असे विचारले तर शाळकरी मूलही रस्ता दाखवते, वास्तविक दोन्ही एकच. ज्या अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्यांच्या नावावर साहेबाच्या खेळाने तोंडी व्यवहारात अशी कुरघोडी करावी, ही घटना इतिहासकारांपेक्षा रिक्षावाल्यांच्या अधिक परिचयाची आहे. त्या मैदानावर रणजी करंडकाचे सामने होतात, सभा होतात, प्रदर्शने भरतात. गोल्फ तेवढा कोणी खेळताना दिसत नाही. कॅनडा कॉर्नरला कॅनडा नाही, हे वेगळे सांगायला नको.

जुने नाशिक नऊ टेकांवर वसले अशी पूर्वापार समजूत आहे. टेक म्हणजे लहान टेकडी. गणपती टेक, म्हसरूळ टेक यांसारखी नावे अजून प्रचारात आहेत आणि ज्याला ती नावे ठाऊक नाहीत त्याला त्यांचे अस्तित्व पिंढऱ्यांतून कळते. येथील गल्ल्या रुंदीने दोन माणसांना पुरतील इतक्या, उताराने एका माणसाची परीक्षा पाहतील इतक्या, आणि वळणांनी कोणालाही सरळ चालू न देणाऱ्या आहेत. त्यामुळे या भागात पत्ता सांगताना डावे-उजवे न म्हणता 'वर चढा' आणि 'खाली उतरा' असे म्हणण्याची पद्धत आहे. सतत खाली उतरत गेले की माणूस गंगेवर, म्हणजे गोदावरीवर पोहोचतो. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात; काशीच्या गंगेला काय म्हणावे हा प्रश्न काशीवाल्यांनी सोडवावा.) धंद्यांची वाटणीही गल्लीवार आहे. तांबट आळीत हातोड्यांचे आवाज, भांडी बाजारात तांब्यापितळेचे ढीग, सराफ बाजारात सोने, कापडपेठेत लुगडी आणि गोळे कॉलनीत औषधांचे ठोक व्यापारी. यांतल्या शेवटच्या नावात आणि धंद्यात जो योग जुळून आला आहे त्याला नियोजन म्हणता येणार नाही.

या भागातून चालताना पायाखाली काय आहे हे वर्षातून एकदाच कळते. नाशकात रंग खेळतात तो धुळवडीला नव्हे, रंगपंचमीला, आणि त्यासाठी पेशवेकाळापासून रहाडी आहेत. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. तो वर्षभर फळ्या व माती घालून बुजवलेला असतो, वरून माणसे, हातगाड्या आणि दुचाक्या बिनदिक्कत जातात आणि रंगपंचमीला तो उघडून, पूजा करून, रंगीत पाण्याने भरतात. मग तरुण त्यात उंचावरून उड्या घेतात, याला 'धप्पा मारणे' असे म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला आणि मान ठरलेला. शनि चौकातल्याने तिवंध्याच्या रंगात रंगावे की नाही हा प्रश्न वरवर पाहता हलका वाटला, तरी त्यावर झालेल्या चर्चा हलक्या नसतात. इतर शहरांत बंद न केलेले खड्डे असतात. पेशवेकालीन खड्डा वेळच्या वेळी उघडणारे आणि वेळच्या वेळी बुजवणारे शहर म्हणून नाशिकचा उल्लेख स्थापत्याच्या ग्रंथांतून व्हायला हवा.

उतारावरून गंगेवर आले, की पात्राच्या कडेला दुतोंड्या मारुती दिसतो. हा दोन तोंडांचा उंच मारुती नाशिककरांचे पूरमापक यंत्र आहे. पाटबंधारे खाते गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे जाहीर करते, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. पण हा आकडा ऐकून नाशिककराच्या मनात काहीही उमटत नाही. "मारुतीच्या गुडघ्याला लागलं" म्हटले, की तो चहा संपवतो. "कमरेला आलं" म्हटले, की छत्री घेऊन होळकर पुलावर उभा राहतो. "छातीला" म्हटले, की सराफ बाजारातले दुकानदार माल हलवतात. पूर पाहायला गर्दी होते आणि त्या गर्दीत १९६९ चा पूर पाहिलेला एक वृद्ध हमखास असतो, तो २००८ च्या पुरालाही फारशी किंमत देत नाही. पुराच्या दिवशी सहाही विभागांतले लोक पुलावर येतात. नाशिकरोडकरही येतात; ते नाशिकला पूर आलाय म्हणून येतात.

पलीकडे पंचवटी. ज्या पाच वडांमुळे हे नाव पडले ते सीतागुंफेजवळ दाखवले जातात आणि भाविकांच्या मोजण्यात चूक होऊ नये म्हणून त्यांना क्रमांकही दिलेले आहेत. जवळच कपालेश्वराचे मंदिर आहे, ते शंकराचे असूनही त्यात नंदी नाही. शंकराला पापमुक्तीचा मार्ग नंदीने दाखवला, म्हणून येथे तो गुरू झाला आणि गुरूला दाराशी बसवायचे कसे, अशी त्यामागची कथा. रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय, म्हणजे यात्रेकरूंची धर्मकृत्ये चालवणारे पुरोहित, घराण्यांच्या वंशावळींच्या वह्या पिढ्यान्पिढ्या राखून आहेत. त्यामुळे पंचवटीत "तुम्ही कुठले?" हा प्रश्न उगाच गप्पांसाठी विचारला जात नाही. गाव आणि आडनाव सांगताच वही उघडते, पणजोबांची सही निघते आणि ज्या माणसाला बसथांबा कुठे एवढेच विचारायचे होते, त्याला आपल्या खापरपणजोबांना किती भाऊ होते हे कळते.

काळाराम मंदिराशी आल्यावर मात्र चालण्याची गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो जागेवर उभा केला आणि पुढे काही वर्षे चालवला. हजारो माणसे शहरातून मिरवणुकीने या दारापर्यंत चालत आली आणि दारे बंद होती. शहरातला रस्ता सर्वांचा असतो आणि तो जिथे पोहोचतो ते दार सर्वांचे नसते, हे नाशकात पायी चालणाऱ्यांनीच दाखवून दिले.

पश्चिमेकडे, शरणपूर रोडला आले की नाशिक एकदम इंग्रजी बोलू लागते. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम व शाळा होती. तेथे शिकलेले काही तरुण डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेत आफ्रिकेत गेले, त्यांना इंग्रजी ग्रंथांत 'नाशिकची मुले' म्हणूनच ओळखतात. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रापर्यंत हजारएक मैल पायी वाहून नेणाऱ्यांत या शाळेचा जेकब वेनराइट होता. चालण्याची इतकी थोर परंपरा असलेल्या या रस्त्यावर आज कॅनडा कॉर्नरपासून तिबेटियन मार्केटपर्यंत, जे अंतर चालून जाताना घामही येऊ नये, तेवढ्यासाठी स्कूटर काढली जाते, आणि परतताना ती कुठे लावली होती हे शोधण्यात त्याहून अधिक चालणे होते.

सिडको म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ. परंतु नाशकात हे महामंडळाचे नाव नसून वस्तीचे आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला येणाऱ्यांसाठी महामंडळाने येथे सहा योजनांत घरे बांधली आणि एकसारखी बांधली. पुढे घरमालकांनी आपापल्या कल्पनेने त्यांवर मजले, जिने आणि गॅलऱ्या चढवून तो एकसारखेपणा नष्ट केला. पत्ते मात्र इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांच्या सांकेतिक भाषेत राहिले, त्यामुळे सिडकोत प्रथमच आलेला पाहुणा पत्ता हातात धरून भाजीवाल्यापाशी उभा राहतो आणि भाजीवाला पत्ता न वाचताच विचारतो, "कोणाकडे जायचंय?" खान्देशातून आलेल्या कुटुंबांची वस्ती येथे दाट असल्याने हा प्रश्न अहिराणीतही येऊ शकतो. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सिडको धुळे-जळगावच्या इतके जवळ जाते, की तेथून शालिमारला जाणारी बस ही आंतरजिल्हा सेवा वाटावी. सातपूरची बस पाळी सुटण्याच्या वेळी पकडणाऱ्याने पाय वर उचलू नयेत, ते परत टेकवायला जागा मिळेलच असे नाही.

या सर्व विभागांना एकमेकांकडे खेचणारी शक्ती कोणती, असे विचारल्यास मिसळीचे नाव घ्यावे लागेल. जो नाशिककर पंचवटीतल्या लग्नाला लांब पडते म्हणून टाळतो, तोच रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या टोकाला चुलीवरची मिसळ खायला जातो, काळ्या रश्शासाठी पूल ओलांडतो आणि सातपूरच्या मिसळीची बाजू घेऊन कॉलेज रोडच्या मिसळीशी भांडतो. आपल्या विभागाबाहेरही नाशिक आहे, हे सत्य त्याला अनेकदा पावाच्या दुसऱ्या लादीपाशी पटते.

दर बारा वर्षांनी मात्र अख्ख्या शहराला पायी चालावे लागते. सिंहस्थ कुंभमेळा, म्हणजे गुरू सिंह राशीत असता भरणारी पर्वणी, मागे २०१५ साली झाली आणि पुढची मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. पर्वणीच्या दिवशी खासगी गाड्या शहराबाहेरच अडवतात, तेथून पुढे एसटी नेईल तेवढे अंतर एसटीने आणि उरलेले पायी, विदर्भातून, राजस्थानातून, बिहारमधून आलेली म्हातारी माणसे डोक्यावर बोचके घेऊन रामकुंडापर्यंत मैलोगणती चालतात आणि कुठेही "अजून किती लांब?" असे विचारत नाहीत. नाशिककर त्या दिवशी गॅलरीत उभा राहून त्यांच्याकडे आदराने पाहतो आणि आपली गाडी सोसायटीतून बाहेर काढू न दिल्याबद्दल पोलिसांना बोल लावतो.

नाशिककर चालतच नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे होईल. तो रोज पहाटे चालतो. फक्त कुठेही जाण्यासाठी चालत नाही. गोल्फ क्लबच्या आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, म्हणजे चालण्यासाठी राखून ठेवलेल्या गोल वाटेवर, पांढरे बूट घातलेले शेकडो नागरिक घड्याळात पावले मोजत फेऱ्या घालतात, आणि डॉक्टरांनी सांगितलेला आकडा पुरा झाला की जागच्या जागी थांबतात. या ट्रॅकपर्यंत ते चारचाकीने येतात, आणि सहानंतर आलेल्यांना पार्किंगला जागा मिळत नसल्याने गाडी लांब लावून चालत यावे लागते, ही त्यांची मुख्य तक्रार आहे.